शेठच्या गोदामातली राणी

कुंडीच्या तळाशी हात घातला आणि ताईच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत, गार लागलं. तिला वाटलं, खोक्यातला एखादा खिळा निसटून पडला असेल. तळहातावर घेऊन पाहिलं तर माशी. बोटाच्या पेराहून लांब, काळपट तपकिरी, पायांची टोकं पिवळी, पंख घट्ट मिटलेले. मेलेली म्हणावी तर हाताची ऊब लागताच तिची एक मिशी हलली.

दुसरी कुणी असती तर किंचाळून हात झटकला असता. पण ताईचा जन्म सुया टोचून घेण्यात गेलेला. तिनं शांतपणे एप्रनच्या खिशातली बटणांची बरणी काढली, बटणं खिशात ओतली, माशी बरणीत सोडली आणि झाकण लावलं.

ताई पडदे, उशा आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायची. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिचं एका खोलीचं दुकान होतं, आणि वरच्या मजल्यावर ती आणि तिचे वडील, अप्पा, राहायचे. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "मापाचा मिळाला नाही" एवढं सांगून ती सुईत दोरा ओवायला लागे. धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. शाळेत असताना गोट्यांच्या अदलाबदलीत तो सगळ्या वर्गाला टोपी घालायचा, तेव्हापासून त्याला सगळे शेठ म्हणत, आणि पुढं तो खरोखरच व्यापारी झाला. समुद्रापलीकडून चकचकीत कुंड्या मागवायच्या आणि गावोगावच्या दुकानांना पुरवायच्या, हा त्याचा धंदा. कुंड्या लाकडी खोक्यांतून, कागदाच्या कातरणात गुंडाळून यायच्या. ते कातरण ताईला उशांत भरायला चालायचं, म्हणून नवा माल आला की ती पोती घेऊन गोदामात जायची. थंडी सरत आली होती, तेव्हा ती अशीच गेली होती.

शेठनं बरणीकडे बघितलं आणि हसला. "चपलेखाली चिरडायची आणि मोकळं व्हायचं. बरणीत घालून काय तिला दूध पाजणार आहेस?"

"असली माशी मी कधी बघितली नाही."

"तू गल्लीबाहेर काय बघितलंयस?"

"अप्पांना दाखवते."

अप्पा गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. नोकरीतून सुटल्यापासून त्या पेट्या म्हणजेच त्यांची नोकरी होती. त्यांनी भिंग लावून बरणी बराच वेळ फिरवली. मग म्हणाले, "गांधीलमाशीच आहे. पण आपल्याकडची नाही."

"मग कुणाकडची?"

"मला काय विचारतेस? तिला विचार, कुठून आलीस म्हणून."

ताई उलट्या पावली गोदामात गेली. शेठ आता हसला नाही. त्यानं दार लोटून घेतलं. "हे बघ ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. याच बोटीतल्या मालाचे दोन ट्रक बाहेरगावी गेलेसुद्धा. आता तू बोंब मारलीस तर माल परत येईल, पुढचा अडकेल, आणि मी बसेन माश्या मारत."

"आत्ता मारल्यास तर पुढं माराव्या लागणार नाहीत."

"एक माशी आहे गं ती!"

"तुला सापडली नाही, मला सापडली. आणखी असतील तर?"

"असतील तर असतील. तू शोधायला जाऊ नकोस."

ताई घरी आली, पण शिवणात तिचं लक्ष लागेना. बरणीतली माशी खोलीच्या उबेनं जागी होऊन काचेवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. तिची ती जिद्द बघून ताईला रागही आला आणि कुठंतरी ओळखही पटली. शेवटी तिनं बरणी कापडात गुंडाळली आणि कीटक नियंत्रणाची कचेरी गाठली.

तिथल्या मॅडम किडकिडीत, सतत खोकणाऱ्या आणि भराभर बोलणाऱ्या होत्या. ताई आत आली तेव्हा त्या एका हातानं पाव खात होत्या आणि दुसऱ्या हातानं काहीतरी लिहीत होत्या. बरणी समोर आली आणि त्यांचं खाणं, लिहिणं, खोकणं सगळंच थांबलं.

"ही राणी आहे," त्या म्हणाल्या. "बसा. नीट ऐका. थंडी आली की यांचं अख्खं पोळं मरतं. नर मरतात, कामकरी माश्या मरतात. पोटात पुढची पिढी घेऊन फक्त नव्या राण्या मागं राहतात. फटीत, ओंडक्यात, कुंडीत झोपून जातात. कुंडी बोटीत चढली की राणीही चढली. तिला पंख हलवायचीसुद्धा गरज नाही, आपणच तिला पोचवतो. ऊन वाढलं की जागी होते, एकटीच लिंबाएवढं पोळं बांधते, आणि पुढची थंडी येईपर्यंत त्या पोळ्यात हजारो होतात. मधमाश्या हा त्यांचा आवडता घास. शेजारच्या देशात एकदा शिरल्या त्या पुन्हा निघाल्याच नाहीत." त्यांनी पेन उचललं. "कुठं सापडली?"

ताई खुर्चीवर बसली होती खरी, पण तिला वाटलं आपण उंच शिडीवर उभ्या आहोत आणि खालून कुणीतरी शिडी हलवतंय. रस्त्यावर सापडली म्हटलं असतं तरी चाललं असतं. मॅडमनी रस्ते शोधले असते, आणि घरात सगळं गोड राहिलं असतं.

"माझ्या सख्ख्या भावाच्या गोदामात," ती म्हणाली. "त्याच मालाचे दोन ट्रक बाहेरगावी गेलेत. कुठं, ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामाला सील लागलं.

शेठ संध्याकाळी दुकानात आला तो बसलाच नाही. "सख्खी बहीण ना तू?"

"म्हणून तर आधी तुला सांगितलं."

गाद्यांच्या ढिगाला लाथ मारून तो निघून गेला. माल कुठं पाठवला ते त्यानं कचेरीतही सांगितलं नाही. मजुरांनी भरला, मला काय ठाऊक, म्हणून कानांवर हात ठेवले. अप्पांनीही जेवताना ताटावरून मान वर केली नाही. फक्त उठताना म्हणाले, "भावाच्या पोटावर पाय दिलास, पोरी." शेठची बायको रस्त्यात दिसली की "वन्सं" म्हणून थांबायची, ती आता दुकान आलं की रस्त्याची बाजू बदलून जाऊ लागली.

गोदामातली सगळी खोकी उघडली. त्यात दोन मेलेल्या राण्या मिळाल्या, जिवंत एकही नाही. एवढ्यावर लोकांनी हुश्श केलं आणि सगळा राग ताईवर काढला. कारण आता बंदरावरून येणारा प्रत्येकाचा माल उघडून तपासला जाऊ लागला होता, आणि रांगेत ट्रक आठवडा आठवडा खोळंबत होते. ताई रस्त्यानं चालली की पोरं मागून गुणगुण आवाज काढत. ज्यांच्या घरचे पडदे तिनं दोन पिढ्या शिवले, ती माणसं पलीकडच्या शिंप्याकडे जायला लागली.

मग एके दिवशी व्यापारी संघाच्या सभागृहात तिला बोलावणं आलं.

अध्यक्षांचं काचसामानाचं दुकान होतं आणि बोलणंही तसंच होतं, चकचकीत आणि जपून. "ताई, तुम्ही आमच्या घरच्या," ते म्हणाले. "तुम्हाला दोष कुणी देत नाही. माणसाची चूक होते. तुम्ही कचेरीत जाऊन एवढंच सांगायचं की माशी गोदामातली नव्हती, तुमच्या दुकानाच्या खिडकीतून आली. म्हणजे शेठचं सीलही निघेल आणि आमच्या मागची तपासणीही जाईल. सुंठीवाचून खोकला."

हॉल भरलेला होता. मागच्या ओळीत शेठ बसला होता, मान खाली घालून. ताई उभी राहिली. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. पाठीवरचं कापड उसवलेलं आहे हे तशातही तिच्या लक्षात आलं.

"थंडीत झोपलेली माशी खिडकीतून कशी आली?" ती म्हणाली. "झोपेत चालत?"

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी तिकडे पाहिलं, तसं ते हसू बंद झालं.

"ताई, प्रश्न माशीचा नाही—"

"माझा प्रश्न माशीचाच आहे. एकदा कात्री चालली की कापलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. मी माझ्या हातानं ती कुंडीतून काढली. उद्या तुम्ही माझं दुकान बंद पाडा. माझ्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, ते आहेच. पण खिडकीतून आली असं मी म्हणणार नाही. तुम्ही मला गप्प कराल हो, तिला कोण करणार?"

"म्हणजे ऐकायचंच नाही?"

"ऐकलं की. पटलं नाही."

ती चालत बाहेर पडली. कुणीही वाट अडवली नाही आणि कुणीही वाट दिलीही नाही. खुर्च्यांमधून तिला आडवं होऊन सरकावं लागलं. घरी येऊन ती मशीनवर बसली आणि कुणाचंही काम नसताना उगाचच एक लांबलचक शिवण मारत राहिली. रडू आलं तेव्हाही पाय थांबवला नाही.

औषध फवारून गोदाम पुढं उघडलं, पण शेठ काही तिच्याकडे आला नाही. उन्हाळा तसाच गेला. उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी ताई धुतलेलं कापड वाळत घालायला गच्चीवर गेली, तर अप्पा पेट्यांसमोर बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभे. शर्ट घामानं भिजलेला, श्वास लागलेला, आणि रॅकेट हवेत सपासप चाललेली. पेट्यांच्या तोंडाशी काळपट माश्या हवेत एका जागी तरंगत होत्या, दाराकडे तोंड करून, दरोडेखोरांसारख्या. बाहेरून दमून येणारी मधमाशी दिसली की एक जण झेप घ्यायची, तिला हवेतच उचलायची आणि जवळच्या तारेवर लटकून तिचं डोकं, पंख, पाय तोडून टाकायची. उरलेला गोळा घेऊन निघून जायची. खाली फरशीवर मधमाश्यांच्या पंखांचा कचरा पडला होता. आतल्या माश्या भीतीनं बाहेर पडायच्याच थांबल्या होत्या.

"कधीपासून चाललंय हे?" ताईनं विचारलं.

"चाललंय."

"मला सांगितलं का नाहीत?"

अप्पांनी रॅकेट खाली केली. "कुठल्या तोंडानं सांगू?"

ताईनं त्यांच्या हातातून रॅकेट घेतली, त्यांना पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं आणि स्वतः पेट्यांसमोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. माश्या बघून खोकत म्हणाल्या, "एखादी राणी सील लागायच्या आधीच निसटली असणार. या मारून काही होणार नाही, रोज नव्या येतील. पोळं शोधायला हवं, आणि तेही त्यातून नव्या राण्या उडायच्या आत. माशी खाणं घेऊन सरळ घरी जाते. तिच्या मागं जाता आलं तर पोळं सापडेल. काही ठिकाणी माशीला दोरा बांधून सोडतात म्हणे. मी घरी करून बघितलं, माझ्या हातून माशी मेली तरी जमलं नाही."

"त्यांचं येणं-जाणं सारखं चालू राहायला हवं ना?" अप्पांनी विचारलं.

"हो. पण तुम्ही पेट्यांना जाळी लावलीत, तर त्या यायच्या नाहीत."

अप्पा उठले. सगळ्या पेट्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि कोपऱ्यातल्या पेटीपाशी थांबले. तिच्यातल्या माश्या आधीच अर्ध्या झाल्या होत्या. "हिला जाळी लावू नका," ते म्हणाले. "बाकीच्यांना लावा. खाऊ दे त्यांना हिच्यातलं." एवढं बोलून ते जिना उतरून गेले आणि शोध संपेपर्यंत गच्चीवर फिरकले नाहीत.

ताईच्या आयुष्यातलं ते सगळ्यात विचित्र शिवणकाम. मॅडम जाळ्यानं माशी पकडायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवून तिला बधिर करायच्या, आणि ताई तिच्या कमरेला दोरा बांधायची. शिवणाचा दोरा जड झाला, माशी जमिनीवर सरपटायला लागली. मग तिनं रेशमाचा धागा उसवून त्याची एक तार वेगळी काढली आणि टोकाला उशीतल्या पिसाचा पांढरा तुकडा अडकवला. गाठ सैल झाली तर सुटायची, घट्ट झाली तर माशीचे दोन तुकडे. ताईला दोनदा डंख बसला. मनगट सुजून लादीपाव झालं. मॅडम घाबरून दवाखान्यात चला म्हणू लागल्या, तर ही म्हणते, "आधी हिची गाठ पुरी होऊ दे."

शेवटी एक माशी दोऱ्यासकट उडाली. पांढरं पीस छपरांवरून तरंगत निघालं आणि ताई गच्चीवरून खाली, गल्लीतून, बाजारातून, वर बघत धावत सुटली. मागं खोकणाऱ्या मॅडम. लोक दुकानांतून बाहेर आले. पहिल्या दिवशी पीस घंटाघरापाशी हरवलं. दुसऱ्या दिवशी ताई घंटाघरापासूनच पुढं निघाली, पण दुसरी माशी उन्हात कुठं विरली ते कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी पीस शेठच्या गोदामाच्या वरून गेलं, आणि ताई भिंतीपाशी येऊन अडकली. समोर उंच कुंपण, वर नुसतं आभाळ.

"उजवीकडं!"

तिनं मान वळवली. गोदामाच्या पत्र्यावर शेठ उभा होता, कपाळावर हात धरून.

"ताई, उजवीकडं! छापखान्याच्या मागं गेली! मोठ्या झाडात!"

गाद्यांना लाथ मारून गेला त्या संध्याकाळनंतर तो तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. ताई उजवीकडे धावली.

छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागच्या झाडाच्या शेंड्याला, पानांच्या आड, रांजणाएवढं पोळं लटकत होतं, राखी कागदाचं, पट्ट्यापट्ट्यांचं. खरं सांगायचं तर देखणं होतं. ताईसारख्या बाईला ते मान्य करावं लागलं. एवढ्या नाजूक हातांनी कुणी इतकं मोठं काम केलं असेल तर तिनं एरवी कौतुकच केलं असतं.

"उतरवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीची माणसं डंखापासून वाचवणारा अंगभर पोशाख घालून शिडीच्या गाडीवरून वर चढली आणि औषध सोडून पोळं उतरवलं. मॅडमनी ते अंगणात उभं चिरलं. आत एकावर एक मजले होते, शेकडो खोल्यांचे. खालच्या मजल्यावरच्या काही खोल्या मोठ्या होत्या, आणि रिकाम्या.

"या राण्यांच्या," मॅडम हळू म्हणाल्या. "काही आत सापडल्या. काही उडून गेल्या असतील. सांगता येत नाही."

अध्यक्ष बघायला आले होते. "चला, संपलं एकदाचं," असं म्हणत त्यांनी हात झटकले.

"संपलं नाही," ताई म्हणाली. "ऊन वाढलं की प्रत्येकानं आपलं छप्पर, आपली माळ्याची फट, आपली लाकडं बघायची. तुम्हीसुद्धा. मी येऊन विचारणार आहे."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर मी शिडी घेऊन येईन. मला लाज वाटत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे."

या वेळी लोक हसले तेव्हा अध्यक्षांनी कुणाकडे पाहिलं नाही.

शेठ घोळक्याच्या कडेला उभा होता. ताई त्याच्यापाशी गेली. तिचं मनगट अजून सुजलेलं होतं, ते त्यानं बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"ते दोन ट्रक कुठं गेले?" तिनं विचारलं.

"ताई, आता पुरे कर."

"कुठं गेले?"

"मी त्यांना काय सांगू? माझ्या मालातून तुमच्या गावात हे आलं, म्हणून? कोण घेईल माझ्याकडून माल? तोंड दाखवायला जागा उरेल का?"

"तिथं कुणाचे तरी अप्पा रॅकेट घेऊन उभे असतील," ताई म्हणाली. "त्यांना कळतसुद्धा नसेल हे काय आहे ते. तू नाही सांगितलंस तर मी गावोगाव फिरून शोधेन. बस आहे, पाय आहेत."

"तू फिरशील, माहीत आहे मला," तो चिडून म्हणाला. "लहानपणापासून तसलीच आहेस. एकदा माझ्या गोट्या लपवल्यास त्या अजून दिल्या नाहीस."

"चोरलेल्या होत्या."

त्याच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. तो निघून गेला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या दुकानासमोर ट्रकचा हॉर्न वाजला. शेठ स्वतः स्टिअरिंगवर होता. शेजारी मॅडम, मांडीवर जाळं आणि बर्फाचा डबा घेऊन. "चढ," तो म्हणाला, "आणि वाटेत उपदेश करायचा नाही." ताईनं रेशमाचं रीळ घेतलं, अप्पांना हाक मारून सांगितलं आणि चढली. अप्पा वरच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी हात वगैरे हलवला नाही, पण ट्रक वळेपर्यंत खिडकीतून हललेही नाहीत.

पहिलं गाव बरंच लांब होतं. वाटेत शेठनं तीनदा ट्रक थांबवला, एकदा डिझेलसाठी आणि दोनदा कशासाठीच नाही. ताईनं उपदेश केला नाही. गावातल्या मोठ्या रस्त्यावर कुंड्यांचं दुकान होतं, मागं लांबट गोदाम. भरघोस मिशांचा दुकानदार शेठला बघून खूश झाला, पण मॅडमच्या हातातलं जाळं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेठनं अडखळत, घसा खाकरत, मध्येच थांबत सगळं सांगितलं. कुंड्या, कागद, राणी, अप्पांच्या पेट्या, सगळं. एवढं सरळ तो जन्मात बोलला नसेल.

दुकानदार मागं सरकला आणि गोदामाच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "शेठ, भलतंसलतं बोलू नका. गिऱ्हाईक ऐकेल. आमच्याकडे असलं काही नाही."

ताई पुढं झाली, पण शेठनं तिला हातानं मागं सारलं.

"माझ्याकडेही नव्हतंच," तो म्हणाला. "दार उघडा."

"आणि नाही उघडलं तर?"

शेठनं एक पालथी कुंडी ओढली आणि दारासमोर तिच्यावर बसला. दुसरी कुंडी ताईनं ओढली. मॅडमनी तिसरी. रस्त्यावरचे दोघे-तिघे काय झालं म्हणून बघायला थांबले, तसा शेठ त्यांच्याकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या, तुम्हीही ऐका."

दुकानदारानं किल्ल्या काढल्या.